फेलोशिप नावाची नोकरी: अमेरिकेत स्पीच थेरपिस्ट होतानाचे ३६ आठवडे

मला फेलोशिप मिळाली असं घरी फोनवर सांगितलं, तर मावशीने सोसायटीत पेढे वाटले. तिला वाटलं, भाचीला शिष्यवृत्ती लागली. तिचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे फेलोशिप म्हटलं की संशोधन, स्टायपेंड आणि कुठल्यातरी समितीने केलेली निवड हेच डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेतल्या स्पीच थेरपीच्या जगात ‘क्लिनिकल फेलोशिप’ ही सरळसरळ नोकरी असते. जाहिरात शोधायची, अर्ज करायचा, मुलाखत द्यायची, पगार घ्यायचा आणि साधारण ९ महिने एका अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली काम करायचं. सगळे तिला नुसतं ‘सीएफ’ म्हणतात. निवड समिती नाही, मेरिट लिस्ट नाही, आणि विद्यापीठाचा तर काडीचा संबंध नाही. पदवी हातात ठेवली की ते मोकळं.

भारतातून गेलेल्या मुलामुलींचा पहिला गोंधळ इथेच होतो. आपल्याकडे बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा या विषयांतली पदवी, चार वर्षांची, आणि त्यातलं चौथं वर्ष इंटर्नशिपचं. इंटर्नशिप पदवीच्या पोटातच असते. कॉलेज तुम्हाला कुठेतरी पाठवतं, कॉलेजच हजेरी बघतं. मग रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक मिळाला की तुम्ही काम करायला मोकळे. अमेरिकेत ही पायरी पदवीच्या बाहेर आहे, आणि ती शोधायची जबाबदारी पूर्णपणे तुमची.

आधी सगळी वाट एकदा बघू. अमेरिकेत स्पीच थेरपिस्ट व्हायला मास्टर्स लागतं. ते करताना रुग्णांसोबत ४०० तास भरावे लागतात: २५ तास दुसऱ्याचं काम बघण्याचे आणि ३७५ तास स्वतः काम करण्याचे. प्रॅक्सिस नावाची एक परीक्षा असते, १३२ प्रश्नांची आणि अडीच तासांची. उत्तीर्ण व्हायला १६२ गुण लागतात. अभ्यासक्रम आणि ४०० तास दोन्ही पूर्ण झाल्याशिवाय सीएफ सुरू करता येत नाही. प्रॅक्सिस मात्र सीएफ चालू असताना दिली तरी चालते. हे सगळं झालं की ‘आशा’ तुम्हाला सीसीसी, म्हणजे क्लिनिकल कामाच्या पात्रतेचं प्रमाणपत्र देते आणि नावापुढे ती तीन अक्षरं लावायला परवानगी देते. आशा म्हणजे अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन, १९२५ साली स्थापन झालेली या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना. नाव ऐकून आशाताईंची आठवण येते खरी, पण या आशाबाई कागदपत्रांच्या बाबतीत फार कडक आहेत.

त्यांचा सीएफचा नियम असा: आठवड्याला ३५ तास धरून ३६ आठवडे, म्हणजे किमान १२६० तास. यातला ८० टक्के वेळ रुग्णांशी थेट संबंधित कामात गेला पाहिजे, म्हणजे तपासणी, उपचार, घरच्यांशी बोलणं, अहवाल लिहिणं. अर्धवेळ केलं तर चालतं, पण मग आठवडे वाढतात. आठवड्याला ५ तासांपेक्षा कमी काम केलं तर ते धरतच नाहीत. शिक्षण संपल्यापासून २४ महिन्यांत सुरुवात करायची आणि सुरुवातीपासून ४८ महिन्यांत संपवायचं.

आता खरा मुद्दा, जो मला कुणी आधी नीट समजावून सांगितला नव्हता.

मास्टर्स करताना नियम असा असतो की विद्यार्थी एखाद्या रुग्णासोबत जितका वेळ घालवेल, त्यातला किमान २५ टक्के वेळ शिक्षकाने स्वतः बघितला पाहिजे. म्हणजे तासाभराच्या सत्रात १५ मिनिटं तरी कुणीतरी मागे उभं असतं. सीएफ लागली की हाच आकडा कुठे जातो बघा. फेलोशिपचे तीन भाग पाडतात. प्रत्येक भागात मेंटरने, म्हणजे देखरेख करणाऱ्या त्या अनुभवी थेरपिस्टने, तुमचं काम चालू असताना ते किमान ६ तास थेट बघायचं, आणि आणखी ६ तास इतर मार्गाने देखरेख करायची, म्हणजे अहवाल वाचायचे, केसवर चर्चा करायची, सहकाऱ्यांशी बोलायचं. तीन भाग मिळून थेट बघण्याचे तास झाले १८. भागिले १२६०. दीड टक्काही भरत नाही.

काल २५ टक्के, आज दीड टक्का. उरलेले १२४२ तास तुम्ही, रुग्ण आणि बंद दरवाजा. नियमाचा हेतू वाईट नाही. कधीतरी हात सोडावाच लागतो, सायकल शिकवताना सोडतात तसा. पण चांगला मेंटर १८ वर थांबत नाही आणि वाईट मेंटर १८ सुद्धा नाइलाजाने भरतो. कागदावर दोघांची फेलोशिप सारखीच दिसते. म्हणून पगार, शहर, राहण्याचा खर्च यांच्याआधी चौकशी करायची ती मेंटरची.

मेंटर नेमका कशासाठी लागतो, हे माझ्या दुसऱ्या आठवड्यातल्या एका प्रसंगावरून सांगते.

माझी सीएफ वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये होती. लोकांना वाटतं, स्पीच थेरपिस्ट म्हणजे बोबड्या मुलांना ‘र’ म्हणायला शिकवणारी बाई. नर्सिंग होममध्ये निम्म्याहून जास्त काम गिळण्याचं असतं. अर्धांगवायूनंतर घशाचे स्नायू वेळेवर हलत नाहीत, पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे वळतं, ठसका लागतो. कधी तर ठसकाही लागत नाही आणि ते थेट फुप्फुसात उतरतं, ते जास्त वाईट. पातळ पाणी फार वेगाने पळतं, म्हणून अशा काही रुग्णांना पावडर घालून दाट केलेलं पाणी, ज्यूस, कॉफी देतात. किती दाट, याची इड्सी नावाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, ० ते ७ अशी. ० म्हणजे साधं पाणी, ७ म्हणजे नेहमीचं जेवण. दाट पेयं १ ते ४ मध्ये येतात.

एक आजोबा होते. डॉक्टरांनी पातळी २ लिहिलेली. नर्स म्हणाली, हे दोन दिवस काही पीतच नाहीयेत, ग्लास अर्धा तसाच परत येतो. मी गेले. ज्यूसचा घोट घेताना ते तोंड वेंगाडत होते, एकेक घोट दोनदोनदा गिळत होते. मी मनात निदान करून टाकलं: गिळणं आणखी बिघडलंय, एक्सरे घेऊन गिळण्याची तपासणी करायला पाठवायला हवं. मोठ्या रुबाबात मेंटरबाईंना फोन लावला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “तो ज्यूस कालवला कधी?”

मला माहीत नव्हतं. त्यांनी सिरिंज घ्यायला सांगितली. ही चाचणी इतकी साधी आहे की पहिल्यांदा बघितल्यावर हसू येतं. १० मिलीची सिरिंज, खाली बोट लावायचं, १० मिलीपर्यंत ज्यूस भरायचा, बोट काढायचं, १० सेकंद मोजायचे आणि पुन्हा बोट लावायचं. आत ४ ते ८ मिली उरलं तर पातळी २. ८ च्या वर उरलं तर पातळी ३. माझ्या सिरिंजमध्ये ९ च्या जवळपास उरलं. स्वयंपाकघरातून ग्लास सकाळीच भरून येत होते आणि पावडर स्टार्चची होती. भाताची पेज ठेवली की दाटत जाते ना, तसंच. सकाळी २ असलेला ज्यूस दुपारपर्यंत ३ झाला होता. आजोबांच्या घशात नवीन काहीच बिघडलं नव्हतं. त्यांना घट्ट लगदा पाजत होते आणि तो त्यांना आवडत नव्हता, एवढंच. ताजा कालवून दिला तर ग्लास रिकामा केला.

आजींच्या हातची पेज खाऊन वाढलेल्या मला हे सुचू नये, याची लाज अजून वाटते. पुस्तकात स्टार्च कसा दाटतो ते वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण नवीन माणसाला सगळीकडे रोगच दिसतो. तो फोन उचलणारं कुणी नसतं, तर त्या आजोबांच्या फाइलमध्ये एक अनावश्यक तपासणी लागली असती, आणि निकाल येईपर्यंत ते तहानलेलेच राहिले असते. आता गंमत बघा: तो फोन त्या १८ तासांत मोजला जात नाही. म्हणजे ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त शिकवलं, ती नियमाच्या थेट निरीक्षणात कुठेच नाही. म्हणूनच मुलाखतीत “१८ तास देणार का?” हा प्रश्न निरुपयोगी आहे. सगळे हो म्हणतात. विचारायचं ते असं: मेंटर माझ्याच इमारतीत बसतात का? आठवड्यातून किती दिवस? मी अडले तर दुपारी दोन वाजता फोन कोण उचलेल? मेंटरच्या स्वतःच्या कामातून यासाठी वेळ मोकळा करून दिला आहे का, की हे सगळं त्यांनी जेवणाच्या सुट्टीत करायचं? शेवटच्या प्रश्नाला समोरचा माणूस अडखळला, तर काय समजायचं ते समजा.

मेंटरची कागदी पात्रताही तपासून घ्या, स्वतः. त्यांच्याकडे चालू सीसीसी हवं, ते मिळाल्यानंतर ९ महिन्यांचा पूर्णवेळ अनुभव हवा, देखरेख कशी करावी याचं किमान २ तासांचं प्रशिक्षण हवं, आणि ते तुमचे नातेवाईक नसावेत. सीसीसी चालू आहे की नाही, हे आशाच्या संकेतस्थळावर नाव टाकून कुणालाही बघता येतं. माझ्या एका वर्गमैत्रिणीने ते बघितलं नाही. तिच्या मेंटरने वार्षिक शुल्क भरलं नव्हतं आणि मधल्या काळात त्यांचं प्रमाणपत्र बंद पडलं होतं. मैत्रिणीने त्या आठवड्यांत रोज काम केलं, पगारही मिळाला, पण सीएफसाठी ते आठवडे शून्य. कंपनीने दिलगिरीचा ईमेल पाठवला. ईमेलने तास भरत नाहीत. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: पहिल्या दिवशी बघा आणि वर्ष बदललं की परत बघा.

प्रत्येक भागाच्या शेवटी मेंटर एक फॉर्म भरतो. तपासणी, उपचार, लेखन, लोकांशी वागणं अशा कौशल्यांना गुण देतो आणि तुमच्यासोबत बसून त्यावर बोलतो. शेवटच्या भागात ठरावीक गुण गाठावे लागतात. ही परीक्षा नाही, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. फक्त ती बैठक खरंच व्हायला हवी. नऊ महिने संपल्यावर तिन्ही फॉर्म एकाच दुपारी भरणारे लोक मी बघितलेत.

कुठे काम करावं?

अमेरिकेतले निम्म्याच्या आसपास स्पीच थेरपिस्ट शाळांमध्ये आहेत. त्याचं कारण १९७५चा कायदा, ज्याला आज ‘आयडिया’ म्हणतात. अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत मोफत आणि योग्य शिक्षण मिळालं पाहिजे, असं तो सांगतो, आणि त्यात स्पीच थेरपी आली. शाळेत सुट्ट्या चांगल्या, वेळ ठरलेली, पण प्रत्येक मुलामागे आयईपी नावाचा शैक्षणिक आराखडा, त्याच्या बैठका आणि कागद. सीएफ करणाऱ्याने विचारायचं ते हे: यादीत किती मुलं, किती इमारतींमध्ये, आणि शाळेत दुसरी स्पीच थेरपिस्ट आहे का. तुम्ही एकट्याच असाल तर पहिल्या वर्षासाठी ती जागा सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे.

शाळेत आपल्या लोकांचा एक खास उपयोग होतो. घरी मराठी बोलणारं मूल ‘वेस्ट’ म्हणताना दिशा म्हणतंय की जाकीट, हे गोऱ्या शिक्षिकेला कळत नाही आणि ती मुलाला उच्चारदोषासाठी तपासायला पाठवते. मराठीत ‘व’ एकच, इंग्रजीत त्याच्या जागी दोन ध्वनी, म्हणून मूल दोन्हीकडे आपला ‘व’ वापरतं. हा दोष नाही, ही भाषा आहे. मूल मराठीतसुद्धा वयाच्या मानाने अडखळत असेल, तर गोष्ट वेगळी. मुलाची तपासणी त्याच्या घरच्या भाषेत व्हावी, असं तोच कायदा सांगतो. मराठीसाठी माणूस मिळणं अवघड, हा भाग निराळा.

नर्सिंग होममध्ये पगार बहुतेक वेळा जास्त आणि त्याची किंमत म्हणजे ‘प्रॉडक्टिव्हिटी’. तुमच्या वेळेतला किती वेळ बिलात लावता येईल अशा कामात गेला, त्याची टक्केवारी. ९० टक्के मागणारं ठिकाण असेल, तर आठ तासांतली ४३२ मिनिटं रुग्णांसोबत. उरली ४८. त्यात चालणं, नर्सशी बोलणं, नोंदी, बाथरूम आणि मेंटरला विचारायचे प्रश्न. नवीन माणसाकडून पहिल्या महिन्यात इतकं मागत असतील, तर त्यांना फेलो नको आहे, स्वस्तातली थेरपिस्ट हवी आहे. ऑफर पत्रात हा आकडा नसतो. तोंडी विचारून मग ईमेलवर लिहून घ्या. हॉस्पिटलातल्या सीएफ उत्तम, पण मोजक्या, आणि त्यांच्यासाठी रांग मोठी.

लायसन्स आणि व्हिसा

सीसीसी संघटना देते, काम करण्याचं लायसन्स राज्य देतं. दोन वेगळे कागद, दोन वेगळे अर्ज, दोन वेगळी शुल्कं. सीएफच्या काळात बहुतेक राज्यांत तात्पुरतं लायसन्स लागतं आणि प्रत्येक राज्याने त्याचं बारसं आपापल्या मर्जीने केलंय. टेक्सासमध्ये तुम्ही ‘इंटर्न’, कॅलिफोर्नियात हाच काळ ‘आरपीई’. हे लायसन्स हातात येण्याआधी एकही रुग्ण बघू नका, मालक कितीही घाई करो.

विद्यार्थी व्हिसावर असाल तर हिशेब आणखी बारीक. शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. इंजिनिअर मंडळींना मिळणारी जादा मुदत स्पीच थेरपीच्या पदवीला सहसा मिळत नाही. ३६ आठवडे म्हणजे २५२ दिवस, वर्षातले उरले ११३. ओपीटीत बेरोजगारीचे ९० दिवसच चालतात. आता लायसन्ससाठी काही राज्यं सोशल सिक्युरिटी नंबर मागतात, तो नंबर वर्क परमिट आल्याशिवाय मिळत नाही, आणि लायसन्स नसताना मालक कामावर घेत नाही. या त्रांगड्यात ते ११३ दिवस कापरासारखे उडतात. म्हणून वर्क परमिटचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधी, खिडकी उघडेल त्या दिवशी करावा. आणि अर्धवेळ सीएफचा विचारच सोडा: आठवड्याला २० तासांनी १२६० तास भरायला ६३ आठवडे लागतात, वर्षात आठवडे ५२. पुढे एच-१बी घ्यायचा असेल तर व्हिसास्क्रीन नावाचं आरोग्यसेवकांचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, अमेरिकेत शिकलेल्यांनाही. मालकाच्या वकिलाला ते माहीत असेलच असं नाही.

भारतातून मास्टर्स करून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. स्पीच थेरपीचं शिक्षण मुंबईत नायर हॉस्पिटलमध्ये १९६३ पासून आहे, वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून. आपलं शिक्षण कच्चं नाही. पण आशाचा परस्पर मान्यतेचा करार ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या संघटनांशी आहे, त्यात भारत नाही. त्यामुळे पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. निघण्याआधी कॉलेजमधून प्रत्येक विषयाचा तपशील आणि रुग्णांसोबतच्या तासांची सही-शिक्क्याची नोंद घेऊनच निघा. नंतर इथून फोन करून ती मिळवणं म्हणजे सातबाऱ्याचा उतारा काढण्यापेक्षा कठीण.

माझे ३६ आठवडे संपले, सीसीसी आलं, पक्कं लायसन्स आलं. मग लक्षात आलं की मेंटर व्हायला नियमाने फक्त ९ महिन्यांचा अनुभव आणि २ तासांचं प्रशिक्षण लागतं. दहाव्या महिन्यात आमच्या रिहॅब डायरेक्टरने विचारलंच: नवीन फेलो येतेय, तू घेशील का तिला? मी म्हटलं, घेते, पण त्यासाठी माझ्या आठवड्यातले किती तास मोकळे करून देणार? तो म्हणाला, बघून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.